एलएल-३७ची रचना: कोणत्या माध्यमातली?

माणसाच्या शरीरात कॅथेलिसिडिन कुळातले जिवाणू मारणारे पेप्टाइड एकच आहे, एलएल-३७. ही सदतीस अमिनो आम्लांची साखळी आहे आणि तिच्या सुरुवातीला दोन ल्यूसिन आहेत. १९९५ साली स्वीडन, डेन्मार्क आणि अमेरिका इथल्या वेगवेगळ्या गटांनी तिचे जनुक शोधून काढले. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींत ती एका मोठ्या प्रथिनाचे शेपूट म्हणून साठवलेली असते. पेशी खवळली की प्रोटिनेझ-३ हे विकर ते शेपूट कापते आणि पेप्टाइड मोकळे होते. त्वचेत, श्वासमार्गात आणि आतड्याच्या अस्तरातही ते तयार होते. पेप्टाइडांच्या रचनेवर काम करणाऱ्या आम्हा लोकांना सहकारी, विद्यार्थी, औषध बनवू पाहणारे रसायनतज्ज्ञ असे सगळेच एक प्रश्न विचारतात : याचे स्ट्रक्चर काय? विचारणाऱ्याला एक चित्र हवे असते आणि चित्र देणे सोपेही असते, कारण प्रोटीन डेटा बँकेत ते आहे. पण या कामात जितका काळ जातो तितके माझे मत पक्के होत जाते की हा प्रश्न अर्धाच आहे. पाण्यात, साबणात, मेदाच्या पटलावर की डीएनएच्या सोबतीत, हे ठरल्याशिवाय एलएल-३७ला रचना आहे असे म्हणताच येत नाही. हे विधान आळशी सापेक्षतावाद वाटू नये म्हणून पुराव्यानिशी मांडायला हवे.

आधी साखळी पाहू. तिच्यात सहा लायसिन आणि पाच आर्जिनिन आहेत, म्हणजे अकरा धनभार. त्यांच्या विरुद्ध दोन अ‍ॅस्पार्टिक आणि तीन ग्लुटामिक आम्ले, म्हणजे पाच ऋणभार. शिल्लक राहते अधिक सहा. उरलेल्यांपैकी बरीच अमिनो आम्ले, म्हणजे ल्यूसिन, आयसोल्यूसिन, व्हॅलिन आणि चार फिनिलअ‍ॅलानिन, पाणी टाळणारी. आता हे पेप्टाइड शुद्ध पाण्यात विरळ विरघळवले आणि सीडी (वर्तुळाकार द्विवर्णता) स्पेक्ट्रम काढला तर २०० नॅनोमीटरच्या आसपास एक खोल दरी दिसते. या तंत्राशी ओळख असलेल्या कुणालाही तिचा अर्थ लगेच कळतो : साखळी मोकळी आहे, तिला ठरलेली घडी नाही. त्याच पाण्यात थोडे बायकार्बोनेट किंवा सल्फेट घातले की आलेख पालटतो आणि २०८ व २२२ नॅनोमीटरवर दोन दऱ्या उमटतात. ती अल्फा-हेलिक्सची, म्हणजे मळसूत्री घडीची, खूण आहे. योहान्सन आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली हे दाखवले तेव्हा १५ मिलिमोलर एवढे बायकार्बोनेट त्याला पुरले होते. आपल्या रक्तात बायकार्बोनेट सुमारे २४ मिलिमोलर असते, म्हणजे ही रसायनशाळेतली चैन नव्हे. त्याच अभ्यासात हेही दिसले की हेलिक्सचे प्रमाण वाढले तशी जिवाणू मारण्याची ताकद वाढली. त्यामुळे मोकळी साखळी ही खरी आणि हेलिक्स ही कृत्रिम, किंवा उलट, असा निवाडा देता येत नाही. दोन्ही रूपे त्याच सदतीस अमिनो आम्लांची आहेत आणि त्यांतले कोणते दिसेल ते भोवतालचे द्रावण ठरवते.

हेलिक्स होण्यामागचे गणित सुंदर आहे आणि त्याचा पाया भारतात घातला गेला. पेप्टाइडच्या कण्यातले कोणते कोन शक्य आणि कोणते अशक्य, हे मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली नकाशावर मांडले. आजही कोणतीही रचना तपासताना आम्ही पहिल्यांदा तोच नकाशा उघडतो. अल्फा-हेलिक्सच्या एका वेढ्यात ३.६ अमिनो आम्ले बसतात, म्हणून दर तिसरे-चौथे अमिनो आम्ल एकाच बाजूला येते. एलएल-३७च्या साखळीत पाणी टाळणारी अमिनो आम्ले नेमकी याच अंतराने पेरलेली आहेत. साखळी मोकळी असते तेव्हा हा क्रम काही करत नाही. हेलिक्स झाली की एक बाजू तेलकट होते आणि दुसरी धनभाराने भरते. जिवाणूच्या पेशीपटलाचा बाहेरचा थर ऋणभारित असतो, कारण त्यात फॉस्फटिडिलग्लिसरॉल आणि कार्डिओलिपिन यांच्यासारखे लिपिड असतात. आपल्या पेशींचा बाहेरचा थर मुख्यतः फॉस्फटिडिलकोलिन आणि स्फिंगोमायलिनचा, म्हणजे एकूण भार शून्य, आणि वर कोलेस्टेरॉलने घट्ट केलेला. धनभारित बाजू जिवाणूकडे ओढली जाते, तेलकट बाजू पटलात रुतते. पण या प्रक्रियेत पटल हे हेलिक्सचे नुसते लक्ष्य नसते. पटलामुळेच हेलिक्स बनते. कुलूप नसताना किल्लीला आकारच नसावा तशी ही गत आहे आणि म्हणूनच प्रथिनांच्या बाबतीत आपण शिकलेली कुलूप-किल्लीची भाषा इथे पुरत नाही.

मग डेटा बँकेतली चित्रे कशाची आहेत? सर्वांत जास्त वापरले जाणारे चित्र नेब्रास्का विद्यापीठातल्या ग्वांगशुन वांग यांनी २००८ साली एनएमआर या तंत्राने मिळवले. त्यात पेप्टाइड सोडियम डोडेसिल सल्फेटच्या, म्हणजे टूथपेस्टमध्येही असणाऱ्या डिटर्जंटच्या, मायसेलला (रेणूंच्या सूक्ष्म गोळ्याला) चिकटलेले आहे. दुसऱ्यापासून एकतिसाव्या अमिनो आम्लापर्यंत किंचित वाकलेली हेलिक्स आणि शेवटची सहा अमिनो आम्ले सैल, असे ते रूप आहे. तेलकट बाजूच्या मध्ये नववे सेरिन येते आणि ती बाजू तुटक करते, हे निरीक्षण मला त्या अभ्यासातले सर्वांत मोलाचे वाटते. त्याच वर्षी पोर्सेली आणि सहकाऱ्यांनी डोडेसिलफॉस्फोकोलिनच्या मायसेलमध्ये रचना काढली आणि त्यांना मध्ये खंड पडलेल्या दोन हेलिक्स दिसल्या. डिटर्जंट का वापरायचे, असे बाहेरचा माणूस विचारतो. उत्तर तांत्रिक आहे : द्रावणातल्या एनएमआरला वेगाने गिरक्या घेणारे लहान कण लागतात आणि खऱ्या पटलाचा तुकडा त्यासाठी फार मोठा ठरतो. मायसेल लहान असते म्हणून पीक टोकदार येतात. पण लहान असल्यामुळेच तिचा पृष्ठभाग तीव्र वक्र असतो, तर जिवाणूचे पटल पेप्टाइडच्या मापाने पाहिले तर सपाट मैदान असते. हेलिक्समधला बाक पेप्टाइडचा की मायसेलचा, हा प्रश्न त्या चित्राला कायम चिकटलेला राहतो. सपाट पटलावर मोजमाप करायचे तर घन अवस्थेतले एनएमआर वापरावे लागते. ते २००३ साली मिशिगन विद्यापीठात रामामूर्ती यांच्या गटाने केले. त्यांना हेलिक्स पटलाच्या पृष्ठभागाला जवळजवळ समांतर पडलेली आढळली. त्यांचा निष्कर्ष असा की पेप्टाइडे पटलात सरळ उभी राहून नळी बनवत नाहीत, ती लिपिडांच्या डोक्यांना सोबत घेऊन पटल वाकवतात आणि त्याला भोक पाडतात.

स्फटिकांनी या कथेत आणखी भर घातली. २०१७ साली कॉर्नेलियुस झेट आणि सहकाऱ्यांनी एलएल-३७चे स्फटिक मिळवले तेव्हा डिटर्जंटशिवाय दोन हेलिक्स उलटसुलट दिशांनी एकमेकींना बिलगलेल्या होत्या. डिटर्जंट घातल्यावर जोडीची मांडणी बदलली आणि जोड्या एकापुढे एक लागून धाग्यासारख्या रांगा दिसू लागल्या. २०२० साली त्याच गटाने चार हेलिक्सची एक नलिका प्रसिद्ध केली. त्याच वर्षी मेयतल लान्डाऊ यांच्या गटाने सतराव्यापासून एकोणतिसाव्यापर्यंतच्या तुकड्याचे स्फटिक काढले आणि त्यात चार-चार हेलिक्सच्या जुडग्यांनी विणलेला दाट तंतू सापडला. म्हणजे एकाच साखळीसाठी एकटी हेलिक्स, तुटक हेलिक्स, जोडी, चौकडी आणि तंतू अशी पाच उत्तरे आपल्या हातात आहेत. यांतले कोणते चूक, हे शोधण्यात पुष्कळ शाई खर्च झाली आहे. मला तो शोधच चुकीच्या दिशेचा वाटतो. प्रत्येक उत्तर आपापल्या माध्यमात खरे आहे.

इथे पहिला गंभीर आक्षेप येतो आणि तो प्रामाणिक माणसाने टाळू नये. सगळीच चित्रे माध्यमाने घडवलेली असतील तर रचनाशास्त्राने सांगितले तरी काय? प्रयोगशाळेतल्या बाटलीचे गुण पेप्टाइडच्या माथी मारले, एवढेच का? मला तसे वाटत नाही, कारण माध्यमे बदलूनही काही गोष्टी हटत नाहीत. शेवटचे टोक प्रत्येक मायसेलमध्ये सैल राहते. सतरा ते एकोणतीस हा पट्टा सोडियम डोडेसिल सल्फेटच्या मायसेलमध्ये हेलिक्स आहे आणि लान्डाऊंच्या तुकड्याच्या स्फटिकातही हेलिक्सच आहे. वांग यांनी त्याच पट्ट्यातली अठरा ते एकोणतीस ही बारा अमिनो आम्ले वेगळी केली तेव्हा ती एकटी जिवाणू मारत होती. केआर-१२ या नावाने ती आज अनेक प्रयोगशाळांत वापरली जातात. लान्डाऊंच्या गटाने तंतूमधल्या जोडणीच्या जागेवरचे चोविसावे आयसोल्यूसिन बदलले आणि त्या तुकड्याची ताकद घटली. हे खरे ज्ञान आहे. मात्र ते एका चित्रातून निघालेले नाही, अनेक चित्रांच्या तुलनेतून निघालेले आहे. जे माध्यम बदलल्यावरही टिकते ते साखळीचे आणि जे बदलते ते साखळी आणि माध्यम या दोघांचे मिळून. ही विभागणी करायला किमान दोन माध्यमांतले मोजमाप लागते. एकाच डिटर्जंटमधल्या रचनेवरून कार्यपद्धतीचे निष्कर्ष काढणारे लेख वाचताना मला म्हणूनच अस्वस्थ वाटते.

दुसरा आक्षेप अधिक धारदार आहे. एलएल-३७ हे सैल पेप्टाइड मुद्दाम निवडून मी सोयीचा युक्तिवाद करत आहे, डिफेन्सिन पाहा, असे कुणी म्हणेल. १९८५ साली गँझ, सेल्स्टेड आणि लेहरर यांनी मानवी न्यूट्रोफिलमधून डिफेन्सिने वेगळी केली. तीस-एक अमिनो आम्ले, तीन डायसल्फाइड बंधांनी आवळलेली. १९९१ साली एचएनपी-३ या डिफेन्सिनची स्फटिकरचना आली तेव्हा बीटा-पट्ट्यांची घट्ट जोडी दिसली. पाण्यात काय आणि पटलावर काय, ही घडी सुटत नाही. हे मान्य आहे आणि त्यापुढचेही मान्य करायला हवे : एचएनपी-१ या दुसऱ्या डिफेन्सिनची आरशातली प्रतिमा, म्हणजे डी-अमिनो आम्लांची आवृत्ती, बनवली तर स्टॅफिलोकॉकस ऑरियसवर तिचा प्रभाव खूपच कमी पडतो. बेडकाच्या मॅगेनिनची आरशातली आवृत्ती मूळ पेप्टाइडइतकीच मारते. याचा अर्थ त्या जिवाणूपुरते एचएनपी-१ पटलात नुसते भोक पाडत नाही, कुठल्यातरी ठरावीक आकाराच्या रेणूला धरते. इथे किल्ली-कुलपाची भाषा बऱ्याच अंशी लागू पडते. पण डिफेन्सिनांचे कूळ याच उदाहरणावर संपत नाही. २००३ साली एचबीडी-३ या बीटा-डिफेन्सिनचे डायसल्फाइड बंध मुद्दाम वेगवेगळ्या जोड्यांनी बांधले गेले, एका आवृत्तीत तर एकही बंध ठेवला नाही. सगळ्या आवृत्त्या जिवाणू मारत राहिल्या. बदलली ती फक्त आपल्याच संरक्षक पेशींना बोलावून आणण्याची क्षमता. हैदराबादच्या सीसीएमबीत आर. नागराज यांच्या गटाने बीटा-डिफेन्सिनांच्या शेवटच्या टोकाचे, एकाच बंधावर उभे असलेले तुकडे बनवले आणि तेही काम करतात असे दाखवले. २०११ साली श्रोडर, वेकाम्प आणि सहकाऱ्यांनी तर उलटेच काही समोर आणले : एचबीडी-१ हे आतड्यातले डिफेन्सिन घडी शाबूत असताना दुबळे वाटते. ऑक्सिजन कमी असलेल्या आतड्यात त्याचे बंध तुटतात तेव्हा ते जोरदार मारू लागते. त्याच्यावर अनेक वर्षे 'कमजोर' असा शिक्का होता, कारण ते हवेत उघड्या ताटलीत तपासले जात होते. घट्ट घडीच्या रेणूलाही भोवताल सुटत नाही, याला यापेक्षा चांगला दाखला मला माहीत नाही.

घामातले डर्मसिडिन तिसऱ्याच वाटेने त्याच ठिकाणी येते. जिवाणू मारणारी पेप्टाइडे धनभारित असतात हा नियम ते मोडते, कारण त्याचा एकूण भार ऋण आहे. २०१३ साली आलेल्या स्फटिकरचनेत त्याच्या सहा प्रती मिळून एक नलिका करताना दिसल्या आणि त्यांना बांधणारे जस्ताचे आयन होते. जस्त घामात असतेच.

भोवताल म्हणताना आपण जिवाणूचे पटल आणि बाटलीतला बफर एवढ्यावर थांबतो आणि शरीराला विसरतो. रक्तद्रवात एलएल-३७ अ‍ॅपोलिपोप्रोटीन ए-१ला बांधले जाते आणि त्याची मारण्याची धार कमी होते. आपल्या पेशींना इजा होऊ नये म्हणून हे कदाचित सोयीचेच असेल. सोरायसिस झालेल्या त्वचेत ते मेलेल्या पेशींच्या डीएनएला गुंडाळते. तो डीएनए मग प्लाझ्मासायटॉइड डेन्ड्रिटिक या संरक्षक पेशींत शिरतो आणि शरीराला स्वतःच्याच डीएनएविरुद्ध भडकवतो. २००७ साली ही गोष्ट प्रसिद्ध झाली तेव्हा जंतूंपासून वाचवणारे पेप्टाइड आजार कसे वाढवते याचा उलगडा झाला. डीएनए म्हणजे ऋणभारांची लांब दोरी. धनभारित बाजूला ती आणि जिवाणूचे पटल यांत फरक कळत नाही. जिवाणूंनीही हे ओळखले आहे. स्टॅफिलोकॉकस ऑरियस एमपीआरएफ या विकराने आपल्या फॉस्फटिडिलग्लिसरॉलला लायसिन चिकटवतो, पृष्ठभागाचा ऋणभार घटवतो आणि पेप्टाइड दूर ठेवतो. शिवाय ऑरिओलायसिन नावाचे विकर सोडून तो एलएल-३७चे तुकडे करतो. उत्क्रांतीने पेप्टाइडच्या अंगाने आणि जिवाणूच्या अंगाने खेळवलेला हा डाव भोवतालच्या रसायनावर चालतो. एकट्या रेणूच्या चित्रात त्याचा मागमूस नसतो.

अलीकडे तिसरा आक्षेप ऐकू येतो आणि तो तरुण सहकाऱ्यांकडून येतो. अल्फाफोल्डसारखी संगणक प्रणाली क्षणात रचना सांगते, विदासंच हजारो पेप्टाइडे देतात, मशीनला शिकवले की नवे औषध आपोआप सुचेल, मग डिटर्जंट आणि मायसेलच्या या काथ्याकुटाची गरज काय? या साधनांचा मी आदर करतो. मुंबईच्या परळमध्ये प्रजनन आरोग्यावरच्या राष्ट्रीय संस्थेतून २०१०च्या सुमारास सुरू झालेला 'कॅम्प' हा पेप्टाइडांचा विदासंच जगभर वापरला जातो आणि तो महाराष्ट्रातल्या संशोधकांनी उभा केला याचा मला अभिमान आहे. पण अंदाज बांधणारी प्रणाली डेटा बँकेतल्या रचनांवरच शिकलेली असते. त्यांतली पेप्टाइडे कोणत्या डिटर्जंटमध्ये होती हे तिला कुणी वेगळे शिकवलेले नाही. तुम्ही तिला साखळी देता, पटल देत नाही. तिने काढलेली सरळ हेलिक्स चूक नसते, पण पाण्यात ती साखळी मोकळी आहे आणि बायकार्बोनेटमध्ये वळते, ही कामाची माहिती त्या उत्तरात नसते. तसेच जिवाणू मारण्यासाठी लागणारी किमान मात्रा विदासंचात एका आकड्यात येते, पण मीठ कमी असलेल्या बफरमधला आकडा आणि रक्तद्रव मिसळलेल्या माध्यमातला आकडा एकाच रकान्यात बसवले तर मशीन शिकेल काय? जास्त आकडे ही त्यावरची मात्रा नाही. आकड्यासोबत माध्यमाची नोंद हवी.

औषधांच्या बाजूने पाहिले तरी हेच दिसते. पायावरच्या न भरणाऱ्या शिरांच्या जखमांवर एलएल-३७ लावून पाहणारी पहिली मानवी चाचणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. तीन मात्रांपैकी कमी असलेल्या दोन मात्रांनी जखमा लवकर भरल्या, सर्वांत मोठ्या मात्रेने फायदा दिसला नाही. गोळीच्या औषधाची सवय असलेल्या माणसाला हे कोड्यात टाकते. ज्याने हे पेप्टाइड वेगवेगळ्या प्रमाणांत एकटे, जोडीने आणि गठ्ठ्याने राहताना मोजले आहे त्याला तितकेसे आश्चर्य वाटत नाही, जरी या निकालामागचे कारण नेमके तेच, असा दावा मी करणार नाही.

प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जिवाणूंची भीती खरी आहे आणि या पेप्टाइडांकडून आशा बाळगणे मला योग्य वाटते. म्हणूनच माझी मागणी लहान आणि अमलात आणण्याजोगी आहे. पाठ्यपुस्तक लिहिणाऱ्यांनी, वर्गात स्लाइड दाखवणाऱ्या शिक्षकांनी आणि प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांनी एलएल-३७चे किंवा कुठल्याही अशा पेप्टाइडचे चित्र छापताना त्याखाली एक ओळ लिहावी : कोणते माध्यम, कोणता डिटर्जंट किंवा लिपिड, किती प्रमाण, कोणता पीएच. ही माहिती डेटा बँकेत बहुतेक रचनांच्या नोंदीत असते आणि ती कुणालाही विनाशुल्क पाहता येते.